चार बोटांचा निकाल

आठवड्याचे सहा दिवस बाटल्यांची टोपणं बघायची आणि सातव्या दिवशी बैलांची नाकं, असा ज्योत्स्ना ओव्हाळचा शिरस्ता होता. तिला विचाराल तर दोन्ही कामं एकच. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पट्ट्यावरून प्लॅस्टिकची टोपणं धावतात, वरून कॅमेरा त्यांचे फोटो काढतो, आणि एखाद्या टोपणाला केसाएवढी चीर असली तरी पडद्यावर लाल चौकट उमटते. त्या कॅमेऱ्याची सगळी देखभाल ज्योत्स्नाकडं. रविवारी हीच बाई डोक्याला स्कार्फ बांधून बैलगाडा शर्यतीच्या मैदानात शेवटच्या रेघेशेजारी लॅपटॉप मांडून बसायची आणि सुसाट आलेल्या जोड्यांपैकी कुणाच्या बैलाचं नाक रेघेवर आधी पोचलं ते सांगायची.

हे काम तिच्या गळ्यात पडलं ते तिच्याच तोंडामुळं. बंदी उठून शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा ती नवऱ्याबरोबर सहज बघायला गेली होती. रेघेवर झेंडा घेऊन पंच उभा होता. दोन जोड्या बरोबरीनं आल्या आणि पुढचा पाऊण तास मैदानात बैल शांत उभे होते, माणसंच एकमेकांवर डुरकत होती. ज्योत्स्ना नवऱ्याला, सुमितला, म्हणाली, "आमच्या कंपनीत मिन्टाला तीनशे टोपणं जात्यात, त्यातलं फुटकं आमाला घावतं. एवढा मोठा बैल ह्यांना कसा दिसंना?"

शेजारी मैदान कमिटीचे अध्यक्ष दादासाहेब उभे होते. त्यांनी मान वळवली, आणि पुढच्या मैदानाला ज्योत्स्ना टेबलावर होती. बाई माणसानं रेघेवर बसायचं म्हणून थोडी कुरकुर झाली. तिनं पहिल्याच दिवशी खुद्द दादासाहेबांच्या बैलाला तिसरा नंबर दिला, तेव्हा ती कुरकुर थांबली.

दादासाहेबांबद्दल आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं ते नडणार आहेत. माणूस मनानं मोठा. पण उत्साह उतू जायला लागला की ते कुणाचा तरी सत्कार करत. जनावरांचे डॉक्टर, पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर, मंडपवाला, सगळ्यांना शाल आणि नारळ. एका वर्षी मैदान सपाट करणाऱ्या जेसीबीच्या सोंडेला त्यांनी हार घातला होता आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

ज्योत्स्नाचा नियम साधा होता. दिसलं तेवढंच सांगायचं. आणि ह्याच नियमानं गेल्या वर्षी सणसरच्या मैदानात तिची पंचाईत केली.

फायनलला दोन जोड्या एकदम आल्या. एकीत सणसरच्या दगडाबाईंचा हौशा, दुसरीत कळाशीच्या ऋषिराजचा बादल. ज्योत्स्नाचा जुना कॅमेरा सेकंदाला तीस फोटो काढायचा. तीस म्हणजे पुष्कळ वाटतात, पण दोन फोटोंच्या मधे पळता बैल हातभर पुढं सरकतो. पहिल्या फोटोत, रेघेच्या अलीकडं, हौशाचं नाक पुढं. पुढच्या फोटोत, रेघेच्या पलीकडं, बादलचं नाक पुढं. मधल्या हातभर जागेत, नेमक्या रेघेवर, कोण आधी पोचलं ते कॅमेऱ्यानं बघितलंच नव्हतं.

"मला दिसलं न्हाय," ज्योत्स्ना म्हणाली. दुसरं काय सांगणार?

मग चिठ्ठ्या टाकल्या. दोन कागद एका टोपीत घातले, डॉक्टरांनी एक उचलला. बादल.

दगडाबाई सत्तरीच्या. घरचा ऊस, साखर कारखान्याच्या सभासद, आवाज खणखणीत. हौशाची आई तो चार दिवसांचा असतानाच गेली, तेव्हा ह्या बाईनं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. त्या टेबलाशी आल्या. आता चार शब्द ऐकावे लागणार म्हणून ज्योत्स्नानं मान खाली घातली. पण बाई चिडलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. म्हणाल्या, "पळून हरला असता तर सोसलं असतं गं पोरी. ह्यो चिठ्ठीनं हरला."

ते वाक्य ज्योत्स्नाच्या मनातून वर्षभर हललं नाही. पट्ट्यावरची टोपणं बघताना मधेच तिला ती हातभर जागा आठवायची आणि जिवाची तगमग व्हायची.

*

यंदा दिवाळीनंतर दादासाहेबांनी तिला बोलावून एक खोका समोर ठेवला. नवा कॅमेरा! सेकंदाला दोनशे फोटो. ज्योत्स्नानं तिथंच खोक्याच्या पाठीवर पेननं हिशेब मांडला. तीस फोटोंना हातभर, तर दोनशेंना चार बोटांपेक्षा थोडं कमीच. हातभर जागा मिटून चार बोटांवर येत होती. तिला इतका आनंद झाला, की खोका छातीशी धरूनच ती स्कूटीकडं निघाली आणि दादासाहेबांचा चहा तसाच राहिला.

घरी पोचते तोवर दगडाबाईंचा फोन. बातमी सणसरला तिच्याआधी गेली होती.

"पोरी, औंदाचं हौशाचं शेवटचं मैदान. दातानं जुना झालाय, डाक्टर म्हनलं आता बास. औंदा तरी बघशील का त्याला?"

"बघंन मावशी. रेघंवर बघंन."

शब्द देऊन बसली आणि मग खोका उघडला. कॅमेरा जोडला, त्याच्याबरोबर आलेला प्रोग्रॅम लॅपटॉपमधे टाकला, तर पडद्यावर एक ओळ आली. हा प्रोग्रॅम ह्या विंडोजवर चालणार नाही, नवीन घ्या.

तिच्या लॅपटॉपवर विंडोज दहा होतं. ऑक्टोबरपासून त्याचे अपडेट बंद झाले होते आणि अकरा तयार आहे, घेता का, अशी सूचना दर दोन दिवसांनी यायची. ज्योत्स्ना ती 'नंतर बघू' म्हणून बंद करायची, कारण ह्या लॅपटॉपवर तिचा हात बसला होता. जुना कॅमेरा, जुना प्रोग्रॅम, तीन वर्षांचे सगळे निकाल त्याच्यात. डोळे मिटून बटणं दाबावीत असं सगळं जागच्या जागी. नव्या विंडोजवर तो जुना प्रोग्रॅम चालेल की नाही, कुणी सांगू शकत नव्हतं. म्हणजे नवा कॅमेरा तिथं रुसला आणि जुनाही बसला, तर मैदानात टोपी फिरायची आणि तिच्यात दोन चिठ्ठ्या पडायच्या.

कारखान्यात तिनं दीपकला विचारलं. दीपक मशिनांच्या दुरुस्तीचं बघायचा, आणि रविवारी मैदानात माइकवर निवेदन करायचा. माइक हातात असला की त्याच्या आवाजानं उसातली पाखरं उठायची. माइक नसला की तो जगातला सगळ्यात घाबरट माणूस.

"मॅडम, चालू मशिनला हात लावू नये," तो हळू आवाजात म्हणाला. "आपल्या तीन नंबर लायनीवर अजून विंडोज सात हाय. का? तर चालतंय म्हणून."

"आन चालत आसून दिसत नसंल तर?"

दीपक पाना घेऊन मशिनखाली शिरला.

घरी सुमितचं वेगळंच. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली जेवायला बसायची त्यांची जागा. भाकरी मोडत तो म्हणाला, "दादासाहेब म्हणत होते, देवाला कौल लावून बघू."

"माझा कंपूटर कौलावर चालत न्हाय. एक चिठ्ठी झाली, आता फुलं पाडा!"

"मग कशावर ठरिवणार?"

"बघून. आधी मशीन तपासून घेते."

*

रविवारी कॅमेरा पिशवीत टाकून आणि लॅपटॉप पोटाशी धरून ती एसटीनं बारामतीला गेली. स्टँडच्या मागच्या गल्लीत झुंबरभाऊंचं दुकान. झुंबरभाऊंनी आधी रेडिओ उघडले, मग टीव्ही, आता लॅपटॉप उघडतात. त्यांनी मागचे स्क्रू काढले, आत फुंकर मारली आणि स्वतःच शिंकले.

"वहिनी, ह्याच्या पोटातनं अख्खं मैदान निघालं की!"

तीन वर्षांची धूळ. त्यांनी पंखा साफ केला, आतली एक सेटिंग चालू केली, सगळे जुने निकाल एका वेगळ्या डिस्कवर उतरवून तिच्या हातात दिले. मशीन नव्या विंडोजला बसतंय म्हणाले. घ्यावं का, ते मात्र सांगेनात.

"मैदान तुमचं, मी कसं सांगू? एक हाय. नवं घेतल्यावर न्हाय पटलं तर दहा दिवसांच्या आत मागं फिरता येतं. अकराव्या दिवशी न्हाय." मग लॅपटॉपच्या कडेची बारीक जाळी बोटानं दाखवून म्हणाले, "आन ह्येला श्वास लागतो. ही जाळी म्हंजे ह्येचं नाक समजा. उशीवर, गादीवर ठिवू नका. नाक झाकलं की गरम हुतंय आन बंद पडतंय."

परतीच्या एसटीत ज्योत्स्ना बोटं मोजत होती. सणसरचं मैदान पुढच्याच्या पुढच्या रविवारी. ह्या गुरुवारपासून तिची दुपारची पाळी, म्हणजे करायचं तर बुधवारीच. बुधवारी केलं तर परत फिरायची मुदत मैदानाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, संपणार. रविवारी काही बिघडलं तर मागं जायला वाटच नाही. दुसऱ्या कुणाला ह्या हिशेबानं घाम फुटला असता. खरं सांगायचं तर तिलाही फुटला. पण त्या घामाखाली दुसरंच काहीतरी होतं. पिशवीतला कॅमेरा तिला गप्प बसू देत नव्हता. दोनशे फोटो! भिगवण रस्त्यावरून उलट बाजूनं ट्रक आला की ती मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडून बघायची. शेवटी इंदापूरच्या स्टँडवर उतरता उतरता तिचं ठरलं. मागं राहून चिठ्ठीच टाकायची असेल तर कॅमेरा तरी कशाला पाहिजे?

*

बुधवारी साडेतीनला तिनं चार्जर लावला, शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरवरून एक वायर ओढून घेतली, आणि ती सूचना पहिल्यांदाच बंद न करता 'हो' म्हणून दाबली.

मग जे सुरू झालं त्याला वाट बघणं म्हणतात. टक्के सरकत होते. सुमित अंगणातून दर पाच मिनिटांनी ओरडायचा, "किती?" आतून उत्तर, "एकोणीस." "किती?" "चौतीस." एकसष्टवर आकडा असा बसला, की अर्धा तास हललाच नाही. ज्योत्स्ना नखं खात समोर बसलेली. सुमित आत आला, पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "बैल अडलाय तुझा."

"गप बसा हो! पळंल."

पळाला. पडदा दोनदा काळा झाला आणि मग एकदम निळं, स्वच्छ, नवंकोरं काहीतरी उघडलं. कोपऱ्यातली बटणं सगळी मधोमध आलेली.

"दार मधी काढलं व्हय ह्यांनी?" सुमित म्हणाला.

तिचं लक्षच नव्हतं. तिनं नव्या कॅमेऱ्याची वायर खुपसली. प्रोग्रॅम उघडला. उघडला! हातात काय सापडेल म्हणून तिनं टोपलीतला कांदा उचलून सुमितकडं भिरकावला आणि मग तो कांदा पडद्यावर एक-एक फोटो पुढं सरकवत बघितला. कांदा हवेत, कांदा जरा पुढं, अजून जरा पुढं, त्याचं सुटलेलं टरफल वेगळं उडताना, सुमितचे मिटलेले डोळे, आणि कांदा त्याच्या छातीवर आपटण्याआधीचा तो शेवटचा चार बोटांचा क्षण. ज्योत्स्ना मोठ्यांदा हसली. इतकी, की शेजारीण डोकावून गेली.

जुना प्रोग्रॅम मात्र नव्या विंडोजवर उघडला नाही. तिनं तीनदा प्रयत्न केला. म्हणजे आता सगळी भिस्त नव्यावर.

रविवारी घरामागच्या कच्च्या रस्त्यावर चुन्यानं रेघ मारून चाचणी झाली. सुमित आणि शेजारचे एक भाऊ दोन मोटरसायकलींवर. बैलाला नाक असतं, मोटरसायकलला कुठून आणणार? म्हणून ज्योत्स्नानं दोन्ही हेडलाइटांवर एक-एक उलथणं बांधलं. अर्धी गल्ली बघायला आली. नऊ फेऱ्या झाल्या. नवव्या फेरीला सुमित हात वर करून ओरडत आला, "जिकलो!" ज्योत्स्नानं फोटो काढून दाखवला. शेजाऱ्यांचं उलथणं रेघेवर, त्याचं दोन बोटं मागं. सुमितनं पडद्याला नाक लावून बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. हे मिटलेलं तोंड बघून तिची खात्री पटली. फोटो असला की भांडण संपतं.

शनिवारी सकाळी दीपकचा फोन आला. "मॅडम, आज शेवटचा दिवस. मागं घ्या. मी हात जोडतो."

तिनं सेटिंग उघडलं. मागं फिरायचं बटण होतं, अजून जिवंत होतं. बाण त्याच्यावर नेऊन ती क्षणभर थांबली. मग दगडाबाईंचं ते वाक्य आठवलं, तिनं लॅपटॉप मिटला आणि डबा घेऊन पाळीला निघून गेली.

*

सणसरच्या मैदानाला माणूस मावत नव्हता. उसाच्या वाढ्यांचा वास, पिपाण्या, भेळेचे गाडे, गुलालानं लाल झालेले फेटे. सकाळपासून एकामागून एक गट सुटत होते आणि ज्योत्स्नाचे निकाल खटाखट लागत होते. दीपकला सकाळी भीती वाटत होती, हे माइक हातात आल्यावर तो साफ विसरला. "बघा बघा बघा! सेकंदाला दोनशे फोटो! नवी शिष्टीम! आता माशीसुद्धा रेघ वलांडून सुटायची न्हाय!" लोक टेबलाभोवती येऊन पडद्यात बघायचे आणि एकमेकांना कोपरानं ढोसायचे. ज्योत्स्नाला आयुष्यात इतकं छान कधी वाटलं नव्हतं.

आणि सेमी फायनलच्या आधी दादासाहेबांचा उत्साह उतू गेला.

"दीपक, जाहीर कर! आपल्या मैदानात नवं विंडोज आलंय, त्याचा सत्कार!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादासाहेब आले. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला हार, टेबलावर नारळ, एक शाल ज्योत्स्नाच्या खांद्यावर, आणि दुसरी, चांगली जाड, लोकरीची, काठाची शाल त्यांनी लॅपटॉपच्या पाठीवरून दोन्ही बाजूंनी व्यवस्थित पांघरली. पडदा तेवढा उघडा ठेवला. एखाद्या पाहुण्याला पांघरावी तशी माया करून पांघरली. ज्योत्स्नानं हात जोडले. तीसुद्धा भुलली, काय करणार! माइकवर नाव घेतलं जातंय, हजारो माणसं बघतायत. तेवढ्यात सेमीच्या जोड्या सुटल्या आणि शाल तशीच राहिली.

फायनल चार वाजता. ऊन तिरपं, डोळ्यात जाणारं. सात जोड्या सुटायच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांत बादल होता, आणि हौशाही होता. दगडाबाई नऊवारीचा पदर खोचून रेघेजवळ येऊन थांबल्या होत्या. झेंडा वर गेला. आणि लॅपटॉप काळा पडला.

ज्योत्स्नानं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

"थांबा!" ती ओरडली. झेंडेवाल्यानं झेंडा गुंडाळून काखेत धरला.

बातमी गर्दीत पसरायला काय वेळ लागतो? "बंद पडलं! नवं केलं ना, घ्या आता!" दीपकनं माइक बाजूला धरला आणि त्याचा घाबरट चेहरा परत आला. 'म्हटलं नव्हतं का?' एवढं त्यानं तोंडानं विचारलं नाही इतकंच. दादासाहेब घाम पुसत होते. आणि कमिटीतल्या कुणीतरी कार्यक्रमपत्रिका फाडून तिच्या सात चिठ्ठ्या करायला घेतल्या. वेळ आली तर असाव्यात म्हणून.

दगडाबाईंनी त्या चिठ्ठ्यांकडं बघितलं. मग ज्योत्स्नाकडं बघितलं.

ज्योत्स्नाला रडू येत होतं. तिनं काहीतरी धरायचं म्हणून लॅपटॉपवर हात ठेवला आणि चटकन मागं घेतला. तवा तापावा तसा तापला होता. मग तिची नजर शालीवर गेली. काठाची, लोकरीची, दोन्ही बाजूंनी खाली सोडलेली, कडेची जाळी पूर्ण झाकणारी शाल.

"अगं बाई! नाक झाकलंय त्याचं!" तिनं शाल ओढून भुईवर टाकली. "अहो, वारा घाला! पुठ्ठा आणा कुणीतरी! बिघडलं न्हाय, गुदमरलंय!"

सुमितनं भेळवाल्याचा पुठ्ठा हिसकावून आणला आणि वारा घालायला लागला. ज्योत्स्नानं लॅपटॉप उचलून कडेची जाळी वर येईल असा धरला. "दीपक, दहा मिन्टं दे मला. काय पण बोल!"

दीपकनं एकदा तिच्याकडं बघितलं, माइक तोंडाशी घेतला आणि बोलला. सात जोड्यांच्या चौदा बैलांचे खोंडपणापासूनचे पराक्रम सांगितले. कुणाचा बाप कुठल्या मैदानाला पळाला, कुणाच्या मालकानं कुठून आणला, सगळं. जे माहीत नव्हतं ते त्यानं तिथंच रचलं, आणि लोक मान डोलावत होते. दादासाहेबही दुसरा पुठ्ठा घेऊन वारा घालत होते. त्यांना आपली चूक कळली होती आणि ते जोरजोरात हात हलवत होते.

बाराव्या मिनिटाला ज्योत्स्नानं बटण दाबलं. निळं उजाडलं. बटणं मधोमध. प्रोग्रॅम उघडला, कॅमेऱ्यानं रेघ दाखवली. तिनं अंगठा वर केला, झेंडा पुन्हा वर गेला आणि पडला.

जोड्या आल्या त्या धुळीचा लोट घेऊनच. ज्योत्स्नानं बैलांकडं बघितलं नाही, तिला आवाज तेवढा ऐकू आला, आधी खुरांचा आणि मग माणसांचा. पाच जोड्या मागं होत्या. दोन बरोबर.

"कोण? कोण?" मैदान ओरडत होतं.

ती एक-एक फोटो पुढं सरकवू लागली. रेघेच्या अलीकडं हौशा पुढं. अजून एक. दोन्ही बरोबर. अजून एक. मागच्या वर्षी जी जागा रिकामी होती तिच्यात आता सहा-सात फोटो होते. हौशाची मान ताणलेली, कान मागं पडलेले, डोळा पांढरा. शेवटचा फोटो आला तेव्हा ज्योत्स्नानं तो तीनदा बघितला. बादलचं नाक रेघेवर. हौशाचं चार बोटं मागं.

नसतं दिसलं तर बरं, असं क्षणभर तिला खरंच वाटलं. मग तिनं माइक मागून घेतला.

"बादल," ती म्हणाली. "चार बोटांनी."

कळाशीच्या बाजूला गुलाल उडाला. दगडाबाई टेबलाशी आल्या. गर्दीनं वाट दिली.

"दाव."

ज्योत्स्नानं पडदा त्यांच्याकडं वळवला. बाई वाकल्या. रापलेलं बोट पडद्यावर टेकवलं, बादलच्या नाकावर, मग हौशाच्या नाकावर.

"परत दाव." दाखवलं. "परत." ज्योत्स्ना फोटो मागं-पुढं करत राहिली आणि बाईंचं बोट हौशाच्या ताणलेल्या मानेवरून फिरत राहिलं. वर्षभर ज्या क्षणाची भीती वाटत होती तो हाच, असं ज्योत्स्नाला वाटलं. आणि बाईंच्या तोंडावर हसू यायला लागलं.

"कसा ताणलाय बघ मुडद्यानं," त्या म्हणाल्या. "आकरा वर्साचा जीव. कसा ताणलाय!" मग वळून ऋषिराजला हाक मारली. "ए पोरा, बैल चांगला हाय तुझा. जप त्याला." ऋषिराजनं येऊन त्यांच्या पायाला हात लावला.

कमिटीवाला माणूस अजून त्या सात चिठ्ठ्या मुठीत धरून उभा होता. दगडाबाईंनी त्या त्याच्या मुठीतून काढून घेतल्या, चुरगाळून लांब टाकल्या. मग भुईवर पडलेली लोकरीची शाल उचलली, झटकली, आणि घामेजलेल्या हौशाच्या पाठीवर नेऊन टाकली. दादासाहेबांनी ह्या वेळी आधी ज्योत्स्नाला 'वाजवू का?' म्हणून विचारलं आणि मगच टाळ्या वाजवल्या.

पुढच्या आठवड्यात ज्योत्स्नानं तो शेवटचा फोटो बारामतीच्या स्टुडिओत मोठा करून घेतला, चौकटीत बसवला, आणि सुमितच्या मोटरसायकलवर मागं बसून सणसरला नेऊन दिला. दगडाबाईंनी तो घरात लावला नाही. गोठ्यात नेला, हौशाच्या दावणीसमोरच्या खांबाला खिळा ठोकला आणि तिथं टांगला. हौशा वैरण खात होता. त्यानं एकदा वर बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं.

"मावशी, हरल्याचा फोटू कशाला लावायचा?" सुमितला राहवलं नाही.

दगडाबाईंनी पदरानं काचेवरची धूळ पुसली. हौशाच्या नाकापुढच्या त्या चार बोटांच्या जागेवर बोट ठेवलं.

"गेल्या साली त्याला कुनी बघितलाच न्हवता रं," त्या म्हणाल्या. "औंदा पोरीनं बघितला."